आरशात शिकलेला डाव

माझ्या मामाच्या दुकानात खुर्ची एकच. दुसरी मावेल एवढी जागा आहे, पण तिथं बाक आहे, आणि बाक हलवायचा म्हटलं की मामा कात्री थांबवून बघतो. कात्री थांबली की समजायचं, विषय संपला.

मामा केस कापतो. पस्तीस वर्षं तेच करतोय. बुटका गडी, हात मात्र अंगाच्या मानानं लांब, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीनं पडलेला घट्टा, मक्याच्या दाण्याएवढा. केस कापणारा माणूस म्हटलं की तोंड कात्रीच्या वर चालणार, अशी जगाची समजूत. मामाच्या खुर्चीत बसून कुणाला कधी गावाची बातमी कळलेली नाही. "किती ठेवू?" आणि "मान खाली," एवढीच त्याची भाषा. माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून आहे, भिंत पातळ आहे, तरी मला दिवसभर फक्त कात्री ऐकू येते.

त्या बाकावर वीस वर्षं दोन माणसं बुद्धिबळ खेळली. एक मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. ताठ कण्याचे, आणि शर्टाच्या खिशाला अजून लाल पेन. दुसरा पोस्टमन, टपाल वाटून झालं की दुपारी दोनला सायकल भिंतीला टेकवून आत यायचा. बाकाच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये पट. मामा त्यांच्याकडं पाठ करून उभा. समोर गिऱ्हाइकाचं डोकं आणि त्याच्यापुढं आरसा.

आरसा वरून थोडा पुढं झुकवून टांगलेला आहे. झुकवल्यामुळं काय व्हायचं, मागचा बाक, बाकावरचा पट आणि पटावर फिरणारे दोन हात तेवढे अगदी लख्ख दिसायचे. मामा एक नजर केसांवर ठेवायचा, एक आरशातल्या पटावर. बुद्धिबळ तो असा शिकला. कुणी शिकवलं नाही आणि त्यानं कुणाला विचारलं नाही. विचारायची सोयही नव्हती, कारण मास्तरांचा नियम होता: खेळणाऱ्यानं खेळायचं, बघणाऱ्यानं तोंड मिटून बघायचं. एकदा एका गिऱ्हाइकानं अर्धी दाढी झालेल्या तोंडानं "उंट मारा की" म्हटलं, तर मास्तरांनी पट उचलून घर गाठलं होतं. दोन दिवस आले नव्हते.

मास्तरांची सुरुवात ठरलेली. राजापुढचं प्यादं दोन घरं. मग घोडा. मग उंट लांब तिरका जाऊन बसणार, समोरच्या राजाच्या कुशीतल्या प्याद्यावर डोळा ठेवून. त्या प्याद्याला राजाशिवाय कुणाचा आधार नसतो. मग तोच घोडा उडी मारून पुढं, त्याच प्याद्यावर रोख धरून. पोस्टमनही ठरल्यासारखा मधलं प्यादं पुढं ढकलायचा, मास्तर ते मारायचे, पोस्टमन घोड्यानं ते परत मारायचा, आणि मास्तरांचा घोडा कुशीतल्या प्याद्यावर पडायचा. पोस्टमनच्या राजाला तो मारावाच लागे, आणि मग व्यायला झालेली म्हैस गोठ्यातून ओढून काढावी तसा तो राजा पटाच्या मध्यावर यायचा. शंभरातले ऐंशी डाव असेच संपले. पोस्टमन हसत म्हणायचा, "उद्या बघतो तुम्हाला." उद्या परत तेच. त्याला हरायचं वाईट वाटत नसे. दिवसभर उन्हात फिरलेल्या माणसाला बसायला मिळत होतं, तेवढं पुरे होतं.

वाईट मामाला वाटायचं. साताठ वर्षं तो राजा रोज ओढून काढलेला बघितल्यावर एक दिवस, कुणाच्या तरी गालावर साबण फासता फासता, त्याला दिसलं: ते प्यादं परत मारायचंच नाही. त्याऐवजी दुसरा घोडा पार कडेला न्यायचा, मास्तरांच्या उंटाच्या अंगावर. कडेचा घोडा लंगडा, असं शहाणे लोक म्हणतात. पण उंटाला हलावं लागतं, आणि एकदा मास्तरांची फौज मागं फिरली की प्यादं गेल्याचं काही वाटत नाही. मामानं हे पोस्टमनला सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम. संध्याकाळी घरी जाऊन मामीला सांगितलं.

घरी त्यानं प्लायवूडच्या तुकड्यावर स्वतःच्या हातानं पट रंगवला होता. मामी कपडे शिवते. शिलाई यंत्र एका बाजूला सरकवलं की जेवणाआधी दोघांचा एक डाव व्हायचा. मामानंच तिला शिकवलं, आणि पाचेक वर्षांत ती त्याला दहातल्या सहा वेळा हरवायला लागली. मामा म्हणायचा, "मी थकून येतो." मामी म्हणायची, "मी काय दिवसभर पाळण्यात असते?"

असं सगळं चाललं होतं, आणि पोस्टमन निवृत्त होऊन लेकीकडं राहायला गेला. दूर, दुसऱ्या गावी.

बाक रिकामा पडला. मास्तर महिन्यातून एकदा केस कापायला यायचे, कापून झाले की उठून जायचे. मामाचं मात्र बिनसलं. दुपारी दोन वाजले की त्याचे डोळे आरशात वर जायचे, वैरणीच्या वेळेला बैल मान वर करतो तसे, आणि तिथं नुसता बाक दिसायचा, त्याच्यावर कुणाची तरी पिशवी. मी एकदा म्हटलं, "मामा, मी बसू का खेळायला?" म्हणाला, "तुला हत्ती आणि उंट ओळखता येत नाहीत. तू किल्ल्या घास."

शेवटी एक दिवस मास्तर खुर्चीत असताना त्यानं तोंड उघडलं. मी किल्लीचे दात घासायचं थांबवलं, कारण भिंतीपलीकडून मामाचा सलग आवाज येणं म्हणजे विशेष होतं.

"मास्तर, बाक रिकामा आहे."

"दिसतंय मला."

"मी खेळलो तर चालेल का?"

"तू?" मास्तर म्हणाले. "तू सोंगटीला हात तरी लावलायस का कधी?"

"घरी खेळतो. हिच्याबरोबर."

"घरात सगळेच शूर असतात. हे बघ, मला दोन घटका रमायला माणूस नको, खेळायला हवा. पोस्टमन हरायचा, पण नेटानं हरायचा. पुढच्या आठवड्यात वाचनालयाची स्पर्धा आहे. नाव घाल. माझ्यासमोर वीस खेळ्या टिकलास, तर रोज दोनला बाकावर येऊन बसेन. नाही टिकलास, तर हा विषय परत काढायचा नाही."

"मान खाली," मामा म्हणाला.

पण नाव घातलं त्यानं.

स्पर्धा लहानच. आठ जण, प्रत्येकानं प्रत्येकाशी एक डाव, रोज संध्याकाळी एक, असे सात दिवस. वाचनालयात वर्तमानपत्रांची टेबलं भिंतीकडून ओढून मध्ये घेतलेली. ज्या कपाटांच्या किल्ल्या मीच बनवून दिल्यात, त्यांना टेकून बघणारे उभे. ग्रंथपालबाईच पंच. त्यांचं ऐकलं नाही तर पुढं पुस्तक मिळणार नाही, ही भीती सगळ्यांना, त्यामुळं शांतता उत्तम.

पहिल्या संध्याकाळी मामासमोर दातांचा डॉक्टर आला. मामाकडं पांढऱ्या सोंगट्या. मामा बसला, पटाकडं बघितलं, आणि सोंगट्या बाजूला काढून पट पाव वळसा फिरवून ठेवला.

"हे काय करता?" डॉक्टर म्हणाला.

"आडवा मांडला होता."

ग्रंथपालबाई आल्या. "उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं, मामा."

"डाव्या."

"उजव्या."

"बाई, मी वीस वर्षं बघतोय."

"मी नियमांचं पुस्तक आणू का?"

पुस्तक म्हटल्यावर मामानं हात मागं घेतला. पट परत फिरला. पण डोकं फिरायचं ते फिरलंच. त्याच्या घरी पांढरा राजा वजिराच्या डावीकडं उभा असायचा, इथं उजवीकडं. हात मात्र जुन्या वाटेनं चालले. डावीकडचा घोडा काढला, डावीकडचा उंट काढला, आणि राजाला किल्ल्यात घालायला म्हणून राजा उचलून डावीकडं न्यायला निघाला. शेजारी वजीर.

"मामा, राजा वजिराला ओलांडत नाही," डॉक्टर हळूच म्हणाला.

हात लावलेली सोंगटी हलवायलाच लागते. राजा एक घर तिरका पुढं सरकला आणि न्हाणीतून उघडा बाहेर आलेल्या माणसासारखा वजिरापुढं उभा राहिला. अकराव्या खेळीला संपलं. पलीकडच्या टेबलावर मास्तर जिंकून उठले होते. त्यांनी मामाचा पट बघितला, लाल पेन खिशात सरळ केलं, आणि गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी जाता जाता मामा दुकानापाशी थांबला. शटर उचललं, दिवा लावला, वाचनालयातून उसना आणलेला पट बाकावर मांडला, अगदी बाईंनी सांगितला तसा. मग खुर्चीमागं नेहमीच्या जागी उभा राहून आरशात बघितलं. मग मान वळवून बाकाकडं. परत आरशात. असं सातआठ वेळा झालं.

"बघ," तो म्हणाला. "आरशात माझ्या घरच्यासारखा दिसतो."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय. अख्खा खेळ उलटा शिकलो."

"अरे, पण वीस वर्षांत एकदाही मागं वळून बघितलं नाहीस?"

"बघितलं की. वाटलं, या बाजूनं बघतोय म्हणून डावं उजवं दिसत असेल." तो बाकावर बसला. "ब्लेडवर नजर ठेवायची की पटावर?"

मामीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. उभ्यानं हसवेना म्हणून खाली बसून हसली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "अहो, म्हणजे मलापण उलटंच शिकवलंत?"

"तुला काय फरक पडतो? तू जिंकतेस ना?"

"उलटं का होईना, जिंकते," मामी म्हणाली आणि परत हसायला लागली.

दुसऱ्या संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या कारकुनाशी डाव होता. मामा प्रत्येक खेळीला डोक्यात उलट्याचं सुलटं करत बसला, गणिताच्या पेपरला बसलेल्या पोरासारखे ओठ हलवत. बाविसाव्या खेळीला घोडा टाकायचा होता एका बाजूला, टाकला दुसऱ्या बाजूला, आणि हत्ती फुकट गेला. तिसऱ्या दिवशी मास्तर होते.

घरी आल्यावर म्हणाला, "बाईंना सांगतो, नाव काढा. तिथं दहा जणांसमोर मास्तर मला दहा खेळ्यांत गुंडाळणार, आणि मग बाकाचं नाव काढायला तोंड राहणार नाही. त्यापेक्षा आजारी पडलेलं बरं."

मामी शर्ट शिवत होती. यंत्र थांबवून तिनं तो शर्ट त्याच्यापुढं टाकला.

"ही बाही डावी की उजवी?"

मामानं बघितलं. "उजवी."

"डावी. कापड उलटं आहे. मी आयुष्यभर उलट्या बाजूनं शिवते. शिवण आत राहायला हवी ना? तुमची डावी बाही कधी उजवीकडं लागली?"

"नाही."

"कारण मी विचार करत नाही. डोक्यात उलटंसुलटं करत बसले असते तर तुम्ही उघडे फिरला असता. हाताला ठाऊक असतं. आणि तुमचं काय? आरशात बघून कापता पस्तीस वर्षं. कधी भलताच कान धरलात?"

"एकदा."

"कधी?"

"पहिल्या वर्षी."

"मग?"

मामानं बाही उलटीसुलटी करून बघितली. दुसऱ्या दिवशी दुकानावर पुठ्ठा लागला: आज बंद. असा पुठ्ठा मी तरी पहिल्यांदाच बघितला. सकाळपासून दोघं प्लायवूडचा पट बाईंच्या नियमानं मांडून बसले होते. मामी मास्तर झाली होती. जेवायला मला बोलावलं होतं, पण जेवण कुणीच केलं नव्हतं. मीच काहीतरी उकडून तिघांना वाढलं. मामाचा हात सुरुवातीला दर दोन खेळ्यांनी चुकत होता, आणि चुकला की मामी त्याच्या मनगटावर टेप मारत होती, कपडे मापायचा. चार वाजेपर्यंत टेप थांबला होता.

संध्याकाळी मास्तरांसमोर बसताना त्यानं पटाला हात लावला नाही. मास्तरांकडं पांढऱ्या. मास्तरांनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, पुन्हा पेन सरळ केलं. मामानं तसंच उत्तर दिलं. घोडा, घोडा. उंट येऊन बसला, कुशीतल्या प्याद्यावर डोळा ठेवून. मामानं दुसरा घोडा काढला. मास्तरांचा घोडा पुढं उडी मारून आला. मामानं मधलं प्यादं ढकललं. मास्तरांनी मारलं.

इथपर्यंत पोस्टमनचाच डाव. मास्तर खुर्चीत थोडे मागं रेलले. शेजारच्या टेबलावरून पाणीपुरवठ्याचा कारकून कुजबुजला, "आता मामाचा राजा फिरायला निघणार."

मामाचा हात कडेला न्यायच्या घोड्याकडं गेला. घरी तो घोडा डाव्या कडेला जायचा, इथं उजव्या. मी मामीकडं बघितलं. ती कपाटाला टेकून उभी होती, ओठ मिटून, हातात नसलेला टेप गुंडाळल्यासारखी बोटं चालवत. घोडा उचलला गेला, हवेत क्षणभर थांबला, आणि उजव्या कडेला टेकला, उंटाच्या अंगावर.

मास्तर पुढं झाले. चष्मा काढला, पुसला, घातला. घोडा तिथंच होता.

"कडेला?" ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांची फौज मागं फिरायला लागली. उंटानं जाता जाता एक शह दिला, मामानं प्यादं मध्ये घातलं, उंट घरी परतला. मामानं दुसरं प्यादं सरकवून पुढच्या घोड्याला हुसकावलं. घोडा मागं आला तर मधल्या प्याद्यानं परत हुसकावलं. एक प्यादं जास्त असूनही मास्तर पिकात शिरलेल्या गुरासारखे इकडून तिकडं हाकलले जात होते. पोस्टमनसमोर वीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती.

मग मामाला राजा किल्ल्यात घालायचा होता. पहिल्या दिवशी इथंच घसरला होता, आणि ते मास्तरांना माहीत होतं. त्यांची नजर पट सोडून मामाच्या हातावर आली. मामानं आधी हात मांडीवर पुसला. मग राजा धरला आणि डावीकडं नेला. दोन घरं. हत्ती त्याच्यावरून पलीकडं. बरोबर होतं.

ग्रंथपालबाई शेजारी बसून खेळ्या लिहीत होत्या, कारण मामाला लिहिता येत नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी पेन्सिल थांबवली. "वीस झाल्या."

"मला मोजता येतं, बाई," मास्तर म्हणाले.

मामाचे खांदे खाली आले. मला वाटलं, झालं. मास्तर म्हणजे शब्द पाळणारा माणूस. उद्यापासून दोनला मास्तर बाकावर. आता मामा हरला तरी बिघडत नव्हतं. उलट हरलेलंच बरं होतं, मास्तर खुशीत घरी गेले असते.

आणि मग आठनऊ खेळ्यांनी ते दिसलं. आधी मामीला. ती एकदम छताकडं बघायला लागली, जशी काही तिथं पाल आहे. मग मलाही दिसलं, आणि मला हत्ती-उंट ओळखता येत नाहीत असं मामाचं म्हणणं. तो कडेचा लंगडा घोडा एव्हाना मध्यावर आला होता. एक उडी मारली की मास्तरांच्या राजाला शह बसत होता आणि त्याच उडीत वजीरही घोड्याच्या तडाख्यात येत होता. राजा वाचवायचा तर वजीर जाणार. पुढं खेळण्यासारखं काही राहणार नव्हतं.

मामानं ते बघितलं हे मला त्याच्या मानेवरून कळलं. आणि तो खेळेना.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. तो पटाकडं बघत होता आणि मधूनच मास्तरांकडं. त्याच्या मनात काय चाललंय ते सांगायला ज्योतिषी नको होता. हा माणूस एकदा गिऱ्हाइकानं खेळी सुचवली म्हणून दोन दिवस रुसला होता. याला वाचनालयात, डॉक्टर-कारकुनांसमोर, केस कापणाऱ्यानं हरवलं तर तो त्याच केस कापणाऱ्याच्या बाकावर येऊन बसेल? वीस खेळ्यांचा शब्द शब्दच राहील. घोडा दुसरीकडं टाकला तर कुणाला कळणारही नव्हतं. हात उलटा पडला म्हणाले असते सगळे. आदल्या दोन दिवसांत दोनदा पडलाच होता.

मास्तरांनी मान वर केली. "काय, विसरलास कुठं जायचं ते?"

मामानं घोडा उचलला आणि जिथं टाकायचा तिथं टाकला.

मास्तर पटाकडं बघत राहिले. कान लाल झाले. मग त्यांनी राजा आडवा केला, हात पुढं करून मामाच्या हाताला लावला, आणि चष्मा खिशात घालत बाहेर गेले. 

घरी जाताना मी विचारलं, "कशाला रे मारलास? मिळालं होतं ना हवं ते?"

"हात गेला."

"कसा गेला? दहा मिनिटं बसला होतास."

तो चालता चालताच म्हणाला, "एखाद्याचं डोकं अर्धं कापून झालं, आणि मागं एक केस उंच राहिलेला दिसला, तर तो सोडून देता येतो का? गिऱ्हाइकाला दिसणार नसला तरी?"

"मास्तर येणार नाहीत."

"नाही येणार," मामा म्हणाला.

उरलेले चार डाव मामानं असे खेळले की तीन हरला आणि एक कसाबसा बरोबरीत सोडवला. आठांत सातवा आला. आठवा आलेला त्याच्याशी तेव्हापासून बोलत नाही. मास्तरांनी उरलेले सगळे जिंकले आणि पहिले आले. बक्षिसाचा पेला घेताना त्यांनी मामाच्या दिशेला बघितलंसुद्धा नाही.

एक आठवडा गेला. दोन गेले. दोन वाजता मामाचे डोळे वर जायचे आणि खाली यायचे. मामी म्हणाली, "जिंकायची हौस भागली ना? आता बसा बाकाशी गप्पा मारत." मग दोन दिवसांनी तिनंच एका गिऱ्हाइकाच्या बायकोला विचारून घेतलं, मास्तर बरे आहेत ना. बरे होते. खिडकीत पट मांडून एकटेच बसतात, असं कळलं.

मी मनात हिशेब घातला होता, की माणूस कितीही रुसला तरी केस रुसत नाहीत, वाढतातच. पण गावात केस कापणारा काही मामा एकटाच नव्हता. चौकात तीन खुर्च्यांचं, काचेच्या दाराचं दुकान झालं होतं. महिना उलटून गेला तेव्हा मी ती आशापण सोडली.

पाचव्या आठवड्यात, दुपारी, मास्तर आले. केस कानांवर आलेले, मानेवर कॉलरला लागलेले. चौकातल्या दुकानात गेले नव्हते, एवढं तर दिसत होतं. खुर्चीत बसले. मामानं कापड झटकलं, गळ्याशी बांधलं, पाणी मारलं.

"किती ठेवू?"

"नेहमीसारखे."

भिंतीपलीकडं मी किल्ली हातात धरून बसलो होतो. कात्री चालू झाली. बराच वेळ फक्त कात्री.

"पाचवी खेळी," मास्तर एकदम म्हणाले. "तो घोडा. कडेला."

कात्री थांबली.

"तो कुठून काढलास?"

"तुमच्याच डावातून. इथं उभ्या उभ्या. बारा वर्षं झाली सापडून."

"बारा वर्षं," मास्तर म्हणाले. "आणि बोलला नाहीस?"

"नियम तुमचाच होता."

खुर्ची करकरली. "पोस्टमनला तरी सांगायचंस. बिचारा."

"सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवस आला नसता."

कात्री परत चालू झाली. मग मास्तर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज वर्गात फळ्यासमोर असायचा तसा झाला होता, "मी पाच आठवडे डोकं खपवलंय त्याच्यावर. उंटानं शह द्यायचाच नाही. आधी मधलं प्यादं एक घर सरकवायचं. मग तुझा कडेचा घोडा कडेलाच राहतो, वाळत घातलेल्या लंगोटासारखा."

"नाही राहत," मामा म्हणाला.

"राहतो."

"मी उंटाला मारून टाकतो ना मग."

"मार की. मग बघ काय होतं."

"काय होतं?"

"ते पटावर दाखवीन. केस उरक आधी."

त्या दिवशी मामानं पस्तीस वर्षांत पहिल्यांदा केस घाईत कापले; मी तोवर त्याच्या दारात येऊन उभा होतो. मागून डाव्या बाजूची रेघ उजव्यापेक्षा बोटभर खाली राहिली. कापड काढताना त्याला ती दिसली, हे नक्की, कारण तो अर्धा क्षण थांबला. मग कापड झटकून बाकाकडं गेला. पुढचा महिनाभर मास्तर मानेवर ती वाकडी रेघ घेऊन गावभर हिंडले, आणि रोज दोनला येत होते, म्हणून कुणी त्यांना सांगितलं नाही.